थेंबभर तेल आणि जावयाचा पाना

हाती तेलाची कुप्पी असली की माझ्या वडलांना गप्प बसवत नाही. उमरखेडच्या त्यांच्या घरात एक दार करकरत नाही की एक कडी अडकत नाही. गेल्या दिवाळीत आम्ही तिकडे गेलो, तेव्हा माझ्या नवऱ्यानं नवा टॉर्क पाना सोबत घेतला होता. ठरवलेला जोर लागला की हा पाना ‘कट्’ वाजतो, म्हणजे नट हवा तेवढा आवळला गेला. त्याचं कौतुक मी रस्ताभर ऐकलं.

सकाळी अंगणात त्यानं गाडीची मागची चाकं पुढं लावायला घेतली. मधेच चहाला आत आला. परत जाऊन नट आवळू लागला, तर एक नट लोण्यातून फिरावा तसा फिरत गेला आणि ‘कट्’ वाजायच्या आधीच चाकाचा स्टड, म्हणजे आट्यांचा दांडा, तुटून नटासकट हातात आला. आजकाल लोखंडच हलकं येतं, अशी बाबा बाजूला उभे राहून हळहळ करत होते.

जेवायला बसताना आई त्यांना म्हणाली, “आधी हात धुवा. माह्या शिलाई मशीनच्या तेलाचा वास येऊन राह्यला.”

नवऱ्यानं हळूच विचारलं, “बाबा, तुमी नटाले तेल लावलं काय?”

“थेंबभर. लय रडून राह्यले होते बिचारे.”

सासऱ्यावर चिडणार कसं? त्यानं जेवण होताच प्रयोग मांडला. जाड लोखंडी पट्टीत जुना बोल्ट घातला, कोरडा नट ‘कट्’ वाजेस्तोवर आवळला आणि माझ्या नेलपॉलिशनं खूण केली. मग तो सोडून, तेल लावून, तेवढ्याच जोरावर पुन्हा आवळला. नट खुणेच्या पुढं जाऊन थांबला. तेलानं आटे कमी घासतात, त्यामुळे तोच जोर बोल्टला जास्त ताणतो, असं त्यानं समजावलं.

बाबांनी वाकून पाहिलं. “म्हणजे तेलानं नट जास्तच घट्ट बसला न, जावई?”

“जास्त बसला म्हणून तं तुटला, बाबा.”

आम्ही संध्याकाळी निघणार होतो, पण सणामुळे गॅरेज बंद होतं, म्हणून आणखी एक रात्र राहिलो. दुसऱ्या दिवशी त्या चाकाचे सगळे स्टड बदलले आणि नट कोरडे पुसून आवळले.

निघताना आई कानात म्हणाली, की बाबांना तेल घालताना तिनं खिडकीतून पाहिलं होतं. मग तेव्हाच काहून नाही सांगितलं, मी विचारलं.

“तुह्या बाबानं हात लावला की एका दिवसात काम आटपते काय? म्हटलं, एक मुक्काम वाढला त वाढला.”