आधी घोडीचा टर्न

माझ्या नियमांच्या पुस्तकातला एक नियम महिपतकाकांनी आडवी रेघ मारून खोडला, तेव्हा मला भयंकर राग आला होता. पुस्तक माझं, पेन माझं, आणि खोडणारा माणूस सातवी नापास. आज तेच पान मला उघडवत नाही.

पोलादपुरात माझं मेडिकल आहे. शनिवारी दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही एक खेळ खेळतो. गोष्टीतली दुनिया असते, प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, राक्षसांशी लढायचं. पुढे काय घडतं ते मी सांगतो, आणि तलवार लागली की हुकली ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. चाळिशीतल्या माणसाला हे शोभतं का, असं माझी बायको विचारते.

खेळायला दोघं यायची. ओम कशेडी घाटात बंद पडलेले ट्रक ओढणारी क्रेन चालवतो. खेळात तो घोडेस्वार सरदार. दुसरी श्रुतिका, महाडच्या एका बँकेत नोकरीला. महिपतकाका तिचे वडील. त्यांची वाडी वर डोंगरमाथ्यावर. शनिवारी ते पाखरी नावाच्या घोडीला घेऊन खाली यायचे, वाडीचं सामान भरायचे आणि लेकीचा खेळ संपेपर्यंत माझ्या मागच्या पायरीवर बसून राहायचे.

पाखरी म्हणजे पोलादपुरात चेष्टेचा विषय. लग्नाच्या वरातीला तिला कुणी बोलवेना, कारण डीजे सुरू झाला की ती मागे सरायची आणि नवरदेवासकट कुणाच्या तरी अंगणात जाऊन उभी राहायची. काका तिला ओढायचे नाहीत. तिला नको असेल तर नको, एवढंच म्हणायचे. लाडावलेली घोडी आणि लाडावणारा म्हातारा, असं मी तोंडावर म्हटलेलं आहे.

त्या शनिवारी ओमचा सरदार दरीवरच्या पुलावरून शत्रूवर चालून निघाला होता. मी नियम वाचून दाखवत होतो. घोडा शिकवलेला असेल तर त्याला स्वतःचा टर्न, म्हणजे वेगळी पाळी, नसतो, तो स्वाराच्या टर्नमध्येच हलतो. पळ म्हटलं की पळायचं, मागे म्हटलं की मागे यायचं. स्वार उंचावर, म्हणून खाली उभ्या असलेल्यांवर वार करताना त्याला दोन फासे टाकून मोठा घेता येतो. घोडा कोसळलाच, तर स्वाराने फासा टाकायचा. आकडा चांगला आला तर तो पायांवर उतरतो.

"आन् घोडा?" पायरीवरून आवाज आला.

"घोडा काय, काका? पडला."

"त्याला इचारलंस काय रे, पुलावर जायाचं हाय का?"

ओम हसला. मी म्हटलं, शिकवलेल्या घोड्याला विचारायचं नसतं. काका आत आले, माझं पेन घेतलं आणि तो नियम खोडला. "आधी घोडीचा टर्न. ती काय करते ते बघायचं. मग तुझा." मी चिडून बोलणार होतो, पण श्रुतिकेने डोळ्यांनी मला गप्प केलं.

मग काकांनी स्वतःच सांगितलं. पाखरीची आई मैना, तिला त्यांनी फार छान शिकवलं होतं. एका पावसाळ्यात धाकटा भाऊ सखा तापाने फणफणला. त्याला मैनेवर बसवून काका खाली आणत होते. खिंडीत मैना थांबली. काकांनी फोकाचे दोन फटके ओढले. शिकवलेली घोडी, निघाली. काका मागे शेपटीशी होते म्हणून वाचले. दरड सख्याला आणि मैनेला घेऊन गेली.

"ऐकलं रे तिनं माझं," काका म्हणाले. "ऐकलं म्हणून गेली."

खिंडीत देवाचा दगड आहे. तिथे घोड्यावरून उतरायचं ही वाडीची जुनी रीत. काकांनी त्या रीतीला आपली एक जोडली: दावं घोडीच्या मानेवर टाकायचं, तिला पुढे सोडायचं, आणि ती थांबली तर आपण बसायचं. ती हलेपर्यंत बसायचं. पाखरीला त्यांनी हुकूम म्हणून शिकवलाच नाही.

श्रुतिकेला मात्र या रीतीचा राग होता. तिच्या दहावीच्या भूमितीच्या पेपराला पाखरी खिंडीत थांबली होती. मार्च महिना, डोंगर कोरडा खडखडीत, आणि काका लेकीचा हात धरून बसून राहिले. पेपर बुडाला. दरड काय, साधा खडासुद्धा पडला नाही. "घोडीला बहुतेक पाय दुखत होता," असं ती हसत सांगायची, पण ते हसणं डोळ्यांपर्यंत जायचं नाही.

गेल्या जुलैत पाच दिवस पाऊस थांबला नाही. महाडात बाजारपेठेत पाणी शिरलं, वाडीकडे जाणारा रस्ता मातीखाली गेला. बुधवारी सकाळी श्रुतिकेचा महाडहून फोन आला. ती अडकली होती. वर वाडीत तिची आई, रखमाकाकू. काकूंची साखर वाढलेली, दिवसातून दोनदा इन्सुलिन. घरातली बाटली सोमवारीच संपली असणार. वाडीचे सगळे फोन बंद. "दादा, काय पण कर," म्हणाली. काका सामानासाठी खाली आलेले आणि माझ्याच दुकानात दोन दिवस अडकून पडलेले. मी थर्मासमध्ये बर्फ घातला, बाटल्या ठेवल्या, आणि काका व पाखरीबरोबर खिंडीच्या पायवाटेने स्वतः निघालो. एकटा म्हातारा खिंडीत बसून राहील, ही माझी भीती.

झालंही तसंच. दुपारी बाराच्या सुमाराला देवाच्या दगडापाशी आलो. काकांनी दावं पाखरीच्या मानेवर टाकलं. ती दहा पावलं गेली आणि थांबली. कान पुढे, पुढचा एक पाय अर्धा उचललेला. समोर पायवाट नीट दिसत होती, पलीकडचं आंब्याचं झाड दिसत होतं. शंभर पावलांचं अंतर. काका खाली बसले.

मी पंधरा मिनिटं थांबलो. मग अर्धा तास. पाऊस कानांत ओतत होता. डोंगरावरून येणारा ओहोळ गढूळ होता, तो मध्येच आटला आणि पुन्हा सुरू झाला. वर डोंगर सरकू लागल्याची ती खूण, हे मला तेव्हा कळलं नाही. मला फक्त बर्फ वितळताना दिसत होता. आणि मला ते भूमितीच्या पेपराचं आठवलं.

मी म्हटलं, "काका, झाला घोडीचा टर्न. आता रखमाकाकूचा. भाऊ घालवलात घोडीला मारून, बायको घालवाल घोडीचं ऐकून."

हे मी बोललो. मला वाटलं, किती चपखल बोललो.

काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. उठले, थर्मास पंच्याने छातीशी बांधला. पाखरीच्या कपाळावरून हात फिरवला. "तू हिच्यासंगं थांब," मला म्हणाले. "ती हलली तर ये. नायतर नाय." मी पुढे व्हायला गेलो, तर पाखरी वाटेत आडवी उभी राहिली.

काका गेले. साठ पावलं मी मोजली. मग आवाज आला, वरून नव्हे, पायाखालून. आंब्याचं झाड उभंच्या उभं सरकलं. पुढचं सांगण्यासारखं काही दिसलंच नाही. धुरळा नव्हता, नुसता चिखल, आणि पायवाट होती तिथे पाऊस पडत होता.

काका चौथ्या दिवशी सापडले. थर्मास छातीशीच होता.

रखमाकाकू ठणठणीत आहेत. शेजारच्या तुळजाबाईंनाही तोच आजार, त्यांच्याकडे महिन्याचा साठा होता, त्यांनी सोमवारीच अर्धा दिला होता. फोन बंद होते म्हणून खाली कुणाला कळलं नाही. हे मला कळलं तेव्हा मी दुकानाचं शटर ओढून आत बसलो आणि रडलो.

सगळ्यांना मी सांगितलं की काका थांबले नाहीत, काकूंच्या काळजीने गेले. लोकांनी मान डोलावली. मी किती धावपळ केली म्हणून वाडीने माझे आभारही मानले. पाखरीला मी दुकानामागे बांधून ठेवलं. तिला चारा घालताना मला तिच्या डोळ्यांत बघवत नसे.

दिवाळीनंतर एका शनिवारी श्रुतिका आली. ओम नव्हता. ती आपल्या नेहमीच्या जागी बसली, पुस्तक ओढून घेतलं, तो खोडलेला नियम काढला आणि त्यावर बोट ठेवलं.

"पहिला टर्न घोडीचा," ती म्हणाली. "घोडी थांबली. होय ना?"

"होय."

"दुसरा बाबांचा. ते बसले. माझ्या पेपराला नाय उठले, दादा. मी पाया पडले होते, तरी नाय उठले." तिचा आवाज अगदी सपाट होता. "मग तिसरा टर्न तुझा होता. तू काय केलंस?"

मी फाशांच्या डबीकडे बघत होतो. खोटं बोलायला वेळ होता, ती घाई करत नव्हती. मी सांगितलं. जसं बोललो होतो तसं, शब्द न् शब्द.

तिने ऐकून घेतलं. पुस्तक मिटलं, मागच्या दाराने बाहेर गेली आणि पाखरीला सोडलं. दावं हातात धरलं नाही, घोडीच्या मानेवर टाकलं, आणि बाजूला उभी राहून वाट बघू लागली. पाखरी थोडा वेळ माझ्या दाराकडे बघत उभी होती. मग रस्त्याला लागली, आणि तिच्या मागून श्रुतिका.