एका चौकटीत दोन माणसं

अमरावतीहून मोर्शीला निघाले, तेव्हा पिशवीत वीस प्रश्नांचे तेरा कागद होते आणि डोक्यात भलताच आत्मविश्वास. माणसं ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असं मी पुण्यात सांगत फिरते. तिथल्या बारा संत्रा बागायतदारांच्या गटाला प्रमुख हवा होता. बाराही घरांच्या बहाराचा, म्हणजे झाडावरच्या संत्र्यांचा, व्यापाऱ्यांशी सौदा तोच करणार. नाव मी संध्याकाळपर्यंत पुण्याच्या ऑफिसला कळवायचं होतं.

सभागृहात काम सोपं वाटलं. रमेशभाऊ प्रत्येक प्रश्नावर बोलत होते, सगळ्यांना हसवत होते. शेजारचे सुधाकरभाऊ मान खाली घालून बसलेले. कागदावरही त्यांनी सगळीकडे 'माहीत नाही' एवढंच लिहिलं. मी शिक्के मारून मोकळी झाले: हे पुढारी, ते अबोल.

दुपारी बागेत रोडग्यांचा (गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) बेत होता. तिथे सुधाकरभाऊंना कंठ फुटला!

"गोवऱ्या काहून पसरून राहिले बे? एका जागी लोटा!"

सगळे धावले. रमेशभाऊ मुकाट्याने कणीक मळत होते. वांग्याच्या भाजीत तिखट किती, हेही त्यांनी सुधाकरभाऊंना विचारूनच घातलं. माझं डोकंच चालेना.

"सकाळी एवढे बोलत होतात, आता गप्प का?" मी रमेशभाऊंना विचारलं.

"सभेत मले बोलता येते, म्हनून बोलतो. जाळाचं त्याले समजते. तिथं मी काहून तोंड घालू?"

"मग सौद्याला कोणाला बसवू?"

"आमी दोघंबी जातो ना. बोलतो मी. पन त्यानं मान हालवल्याबिगर सौदा होत नाई."

अरे देवा! ऑफिसच्या कागदावर प्रमुखाच्या नावासाठी चौकट तर एकच होती. पंगतीत मी दीड रोडगा खाल्ला आणि याच घोळात बसून राहिले.

संध्याकाळी अमरावतीच्या स्टेशनावर त्या चौकटीत दोन्ही नावं कोंबली आणि फोटो पाठवून दिला. ऑफिसातून काय उत्तर येईल, कोण जाणे. तेवढ्यात रमेशभाऊंचा फोन आला.

"म्याडम, पोचल्या ना? सुधाकर विचारून राहिला, तुमी रागावल्या काय? जेवताना एक शब्द नाई बोलल्या. मी म्हनलं, सभावच तसा असन. अबोल."

मी, अबोल! आईने हे ऐकलं असतं तर तिला चक्कर आली असती.

गाडी सुटल्यावर उरलेला तेरावा कागद काढला आणि स्वतःसाठी भरायला घेतला. पहिलाच प्रश्न होता: तुम्ही बोलके की अबोल? त्यापुढे लिहिलं: माहीत नाही.