वरच्या आळीचा वस्तरा

त्या डोंगरी गावात चर्च एक, झरा एक, पण न्हावी मात्र दोन. वरच्या आळीनं दाढी करायची ती नासीफकडे, खालच्या आळीनं इलियासकडे. साठ वर्षांपूर्वी इथल्या जमीनदारानं, ज्याला सगळे 'बे' म्हणायचे, गावात रस्ता आणला आणि स्वतःच्या सफरचंदाच्या बागेपाशी, खालच्या आळीतच थांबवला. तेव्हापासून खालचे बेच्या बाजूचे, वरचे त्याच्या विरुद्ध. आता निवडणुकीला बेचा नातू उभा राहतो, समोर विरोधकाचाही नातूच, आणि भांडण तेच, शिव्यासुद्धा त्याच! मग विरुद्ध बाजूच्या माणसाच्या हाती वस्तरा देऊन कोण आपला गळा पुढे करणार?

पण इलियास वारला आणि खालच्यांची पंचाईत झाली. महिनाभर दाढीचे खुंट वाढवून हिंडले बिचारे, मग एकेक करून नासीफच्या खुर्चीत येऊन बसले. नासीफनं कुणालाही टोमणा मारला नाही. त्याचा बाप मत्ता याच दुकानात वस्तरा नाचवत बेचा उद्धार करायचा. सख्ख्या भावानं बेला मत दिलं म्हणून त्याच्या मयतालाही गेला नाही. ते नासीफच्या मनाला फार लागलं होतं. "माझ्या दुकानात राजकारण नाही," असं तो येईल त्याला सांगायचा, आणि सांगताना जरा फुगायचाही.

त्याच्या मुलाचं, रबीहचं, खालच्या आळीतल्या घादाशी जमलं. तिच्या घरचे कसेबसे तयार झाले. लग्नाच्या आदल्या दिवशी रबीह म्हणाला, "बाबा, उद्या तेवढी जीभ आवरा. घादाचा भाऊ येणार आहे."

"मला शिकवतोस? अरे, चाळीस वर्षांत कुणाला दुखावलं नाही मी!"

लग्नाच्या सकाळी नवऱ्यामुलाची दाढी चारचौघांत करायची असते. दरबुका ढोल वाजत होता, बाया तांदूळ उधळत होत्या, चुलते गात होते. रबीहचा उजवा गाल झाला आणि तेवढ्यात घादाचा भाऊ वाएल मिठाईचा डबा घेऊन धापा टाकत आला.

"काय चढ आहे हो तुमच्याकडे, काका! पण बेनं निदान खालपर्यंत तरी रस्ता आणला. नाहीतर आज वरात खेचरावरून निघाली असती."

पोरगं साधं, थट्टेनं बोललं. सगळे हसले.

"खेचरावरून?" नासीफ गरजला. "तुझ्या बेनं गाव विकलं रे, गाव! आणि तुझ्या आजोबानं त्यावर अंगठा उठवला! गुलाम कुठला!"

दरबुका थांबला. आवाज बापाचा होता, शब्द बापाचे होते, हातातला वस्तरासुद्धा तसाच हवेत होता. नासीफला ते कळलं, पण बोलून झाल्यावर. वाएलनं डबा फळीवर ठेवला आणि तो उतार उतरून गेला.

रबीहनं हात पुढे केला. "द्या इकडे."

"अरे, मी करतो ना..."

"द्या, बाबा."

डावा गाल त्यानं स्वतःच केला. सवय नव्हती, हनुवटीपाशी कापलं. ते पुसत तो म्हणाला, "मी त्याला आणायला जातो. आला तर लग्न होईल. तुम्ही थेट चर्चमध्ये या, आणि कृपा करून तोंड उघडू नका. माफी मागायलासुद्धा."

तो गेला. नासीफला रडू आवरेना. तेवढ्यात थोरल्या चुलत्यानं त्याच्या पाठीवर सणसणीत थाप मारली.

"शाबास नासीफ! आज शोभलास मत्ताचा मुलगा!"