बंबातले निखारे

लग्न होऊन मी शिवाजी पेठेतल्या घरी आले, तेव्हा काहीही वाया जाऊ द्यायचं नाही हा सासूबाईंचा कायदा होता. तांदळाचं धुवण म्हशीला, आंघोळीचं पाणी परसातल्या केळीला. लढाई संपून काही वर्षं झाली होती, तरी रॉकेल आणि कोळसा रांगेत उभं राहूनच मिळायचा. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या की बंबातले उरलेले निखारे चिमट्यानं शेगडीत काढायचे आणि त्यांच्यावर दूध तापवायचं, असा रिवाज होता.

त्या वर्षी माझी मोठी नणंद बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळाचं बारसं अजून व्हायचं होतं. आषाढाचा पाऊस हटत नव्हता. वखारीतून आणलेली लाकडं ओली, त्यामुळं शेकासाठी वेगळी शेगडी पेटवणं सासूबाईंच्या जिवावर यायचं. त्यांनी बंबातले निखारे भरून शेगडी वन्संच्या बाजेखाली सरकवली. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीला गोणपाट लावलं, दार ओढून घेतलं आणि त्या रेशनच्या दुकानात गेल्या. घरातले पुरुष कामावर गेले होते.

मी भाकरी थापत होते. मधेच हात थांबला. बाळाची दुधाची वेळ टळून गेली होती आणि ते रडलं नव्हतं.

"वन्सं?" मी हाक मारली. झोपल्या असतील म्हणून मी पुन्हा पीठ हातात घेतलं, पण भाकरी थापवेना. उठून दार ढकललं.

आत धूर नव्हता. जळका वासही नव्हता. नुसती कोंदट ऊब. वन्संचे गाल लालबुंद झाले होते, उशीवर ओकारी पडली होती आणि डोळे अर्धवट उघडे होते. मी त्यांना गदागदा हलवलं. मान नुसतीच कलंडली. माझंही डोकं गरगरायला लागलं. बाळाला उचललं, तर ते ओल्या फडक्यासारखं हातात लोंबलं.

वन्संना तिथंच टाकून मी सोप्यात धावले. त्या क्षणी वाटलं, परत येईपर्यंत ही बाई जाणार. मी इतक्या जोरात किंचाळले की शेजारच्या काकू चुलीवरचं तसंच टाकून भिजत आल्या.

"बाळाला दे हिकडं!" त्या ओरडल्या. "दार-खिडकी सताड उघड आन् तिला भाईर वड!"

मी श्वास धरून आत गेले, गोणपाट ओरबाडून काढलं आणि वन्संना अंथरुणासकट ओढत उंबऱ्याबाहेर आणलं. मग शेगडी उचलून अंगणात भिरकावली. पावसात निखारे चरचरले.

काकू बाळाच्या तळपायांवर चापट्या मारत होत्या. "रड की गं बाय, रड की!" मला बाळाच्या तोंडाकडं बघवत नव्हतं आणि नजरही काढवत नव्हती. शेवटी मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज आला. मी भिंतीला टेकून खालीच बसले.

वन्संना शुद्ध यायला बराच वेळ लागला. डॉक्टर आले, नाडी बघून म्हणाले, "कोंडलेल्या खोलीत कोळशाचा वायू साठतो. दिसत नाही, म्हणूनच घात करतो. अजून थोडा उशीर झाला असता तर..."

सासूबाई परतल्या, तेव्हा पिशवी हातात तशीच धरून त्या दारात उभ्या राहिल्या. लेकीकडं बघत म्हणाल्या, "माज्या हातानं ठेवलीती मी." त्या रडल्या नाहीत. रात्री जेवल्याही नाहीत.

वन्संचं डोकं पुढं कित्येक दिवस ठणकत होतं. दुसऱ्या दिवसापासून बंबातले निखारे सासूबाई स्वतः पाणी मारून विझवायच्या आणि ते कोळसे वाळवून उघड्या पडवीतच वापरायच्या. माझी भीती मात्र गेली नाही. बाळ शांत झोपलं की मी त्याच्या नाकाशी बोट धरायची.

दोन-तीन वर्षांनी माझं बाळंतपण त्याच घरी झालं. सासूबाईंनी मला गरम विटेचा शेक दिला आणि दुपारभर उघड्या दारात तांदूळ निवडत बसून राहिल्या. माझा डोळा लागला की आवाज यायचा, "जागी हाईस न्हवं?"

"व्हय, आत्याबाई," मी म्हणायची. झोपमोड झाल्याचा मला एकदाही राग आला नाही.