युसूफभाऊंचा नंबर

युसूफभाऊ गेल्याचं मला वर्गात कळलं. मी दहावीचा जादा तास घेत होतो. शिपाई दारात येऊन म्हणाला, "सर, तुमच्या चष्मेवाल्याले ट्रॅक्टरनं उडवलं." दोन महिने होत आले, पण पाच वाजले की पाय अजून त्यांच्या दुकानाकडेच वळतात...

वडशाच्या हायस्कुलात मी इंग्रजी शिकवतो आणि एसटीडी बूथला लागून युसूफभाऊंचं चष्म्याचं दुकान होतं. त्यांना इंग्रजीतला एकच शब्द मनापासून आवडायचा आणि त्यावर ते अख्खा दिवस काढायचे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचा नंबर काढायचा, गर्दी झाली की नंबर लावा म्हणायचं. फ्रेम आवडली तर एक नंबर, फेरीवाल्याकडची काच म्हणजे दोन नंबरचा माल. थंडीत नाटक कंपन्या साहेबाच्या पात्रासाठी बिननंबरचा चष्मा न्यायच्या, तो भाऊ स्वतः नटाच्या नाकावर चढवून बघायचे. मुलगी शाळेत पहिली आली तेव्हा भर रस्त्यात ओरडले होते, "सर, पोरीनं नंबर मारला!" हे सगळे नंबर मी फळ्यावर लिहायचो आणि प्रत्येकाला इंग्रजीत काय म्हणतात ते विचारायचो. पोरं पार चक्रावायची.

दुकानात अक्षरांचा तक्ता होता, पण जंगलातल्या गावांतून येणाऱ्या कितीतरी बायांना अक्षरओळख नव्हती. भाऊ त्यांच्यापुढे ताटलीत मूठभर तांदूळ टाकायचे, त्यात मुद्दाम चार खडे. "निवडा बाई, घाई नोका करू." बाई निवडायची आणि ते एकेक भिंग बदलत जायचे. म्हातारीचं बोट नेमकं खड्यावर पडलं की भाऊच जास्त हसायचे.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी ते एकटेच ती ताटली घेऊन बसलेले दिसले. मधले खडे त्यांनी बरोबर वेचले होते, कडेचे तसेच पडून होते.

"बाजूचं दिसूनच नाई राह्यलं, सर," ते म्हणाले. "नागपूरले दाखवलं. काचबिंदू हाये. गेलेली नजर वापस येत नाई म्हणते डॉक्टर."

"घरी सांगा."

"नाई! चष्मेवाल्यालेच दिसत नाई म्हटलं तर कोन येईन दुकानात? पोरीचं लग्न होऊ द्या. तुमीबी बोलू नोका."

मी शब्द दिला. शाळा सुटली की दुकानात जाऊन बसायचो, त्यांचा हात लागून पडलेले बारके स्क्रू उचलून द्यायचो, आणि गप्पा मारत त्यांना रस्ता पार करून घरापर्यंत सोडायचो. गेल्या उन्हाळ्यात मुलीचं लग्न झालं. तरी ते घरी काही बोलले नाहीत आणि मीही आठवण दिली नाही. खरं सांगायचं तर मला त्या गुपिताचा अभिमान वाटायचा. त्यांना फक्त माझी गरज आहे, हे मला आवडायला लागलं होतं.

आणि त्या दिवशी मी जादा तास घेत होतो. भाऊंनी थोडी वाट पाहिली म्हणे... मग निघाले. ट्रॅक्टर बाजूने आला.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीला त्यांच्या घरी गेलो तेव्हा भाभींनी डॉक्टरचा कागद पुढे केला. कपाटात सापडला होता.

"सर, तुमाले हे मालूम होतं का?"

मुलगी आणि जावई बघत होते. मी "नाही" म्हणालो.

भाभींनी कागद घडी करून ठेवला. "मी म्हटलंच होतं पोरीले. मालूम असतं तर तुमी मले सांगतलं असतं."

वर्तमानपत्राच्या ज्या पुरवणीसाठी मी हे लिहितोय, ती त्यांच्या मुलीकडे येते; ती भाभींना वाचून दाखवेल.

भाभी, मला माहीत होतं.