आबांनी पडलेली घोडी उठवली

माझा बाप, म्हणजे आबा, भरल्या तंबूत खोटं बोलला.
आज आबांची तिथी, म्हणून सांगतेच.

(फोनमध्ये बोललं की टाइप होतं, नातीनं शिकवलंय. ती सेकंड शिफ्टला गेलीय, मला अडवायला घरात कुणी नाही!)

आबांचा तळेगाव स्टेशनला टांगा. घोडी काळीभोर, नाव मैना.
मी तेव्हा परकरात. सिनेमा तंबूत यायचा आन् त्याची दवंडी आबाच टांग्यातून द्यायचे.

एकदा विलायती पिच्चर आला. जुना, मुका. काळ्या घोडीवरून वाटमारी करणारा दरोडेखोर.
मधेमधे इंग्रजी अक्षरं. वाचणार कोण?

तंबूवाला म्हणाला, "आबा, उभं राहून तुमीच सांगा."

इंग्रजी आबांना कुठलं? पण घोडी कळत होती ना!

"निघाला बघा! मागं शिपाई! आरं लगाम ढिला सोड की गाढवा, तोंड फाटंल तिचं!"

लोक हसून हसून लोळले.

शेवटाला ती घोडी पळून पळून पडली.
उठलीच नाही.




मी भोकाड पसरलं. "आबा, आपली मैना बी अशीच मरंल का?"
रोज लोकांची गाडी गाठायला आबा तिला तसंच पळवायचे की हो.

आबा खाकरले. "मेली न्हाई गं. दमलीय. झोपलीय."

मागनं एक म्हातारी, "खोटं बोलतोय मुडदा! तिचं डोळं उघडं हायती!"

आबा तरातरा बाहेर गेले. आन् मैनेला धरून आत आणली, थेट पडद्यापुढं!
"ही बघा. उठली!"

काय त्या टाळ्या, काय त्या शिट्ट्या!
त्याच म्हातारीनं ओच्यातला गूळ काढून मैनेला चारला.

दुसऱ्या दिवसापासून टांगा सावकाश.
गिऱ्हाईक ओरडायचं, "अहो हाणा की, गाडी चुकंल!"
आबा म्हणायचे, "हाणायचं तर खाली उतरून मला हाणा."

आई कपाळाला हात लावायची. पण मैना म्हातारी होऊन, आमच्या दारात मेली.

आबा गेले तेव्हा सगळे रडत होते. मी म्हणलं, "गेले न्हाईत. दमलेत. झोपलेत."
कुणाला काही कळलं नाही. आमचं आम्हाला ठाऊक.

आबा, निवांत झोपा.
आता कुणाची गाडी गाठायची नाही.