आईसाठी हॉटेलातली खोली

माझा धाकटा भाऊ हॉटेलात राहतो, हे आमगावात आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरगंही सांगायचं. म्हणजे त्याला घरदार नव्हतं असं नाही. १९९९ साली तो पुण्याच्या एका कंपनीत मशिनी बसवायच्या कामाला लागला आणि कंपनी त्याला गावोगाव फिरवू लागली. आधी साधे लॉज होते. मग एकाच कंपनीची, शहराशहरांत उघडलेली, मध्यम भाड्याची हॉटेलं सुरू झाली. कुठंही जा, तोच पलंग, तीच पांढरी चादर आणि सकाळी तोच उपमा, असं तो फोनवर सांगायचा. फोन ठेवला की आई दारात जाऊन शेजारणींना सांगायची, "माहा बाबू रोज धुतलेल्या चादरीवर निजते."

मी तिची मोठी मुलगी, उपकेंद्रावरची नर्स. त्याच वर्षी वडील गेले, आई चार दिवसांसाठी म्हणून माझ्याकडे आली आणि राहिली. तिची चादर रोज नाही, पण दर रविवारी मीच धूत होते. ते शेजारणींना सांगावं असं तिला कधी वाटलं नाही. धान निघालं की गावच्या वावरातला तिचा वाटा भरडून पोतंभर तांदूळ माझ्या घरी यायचा. लेकीच्या घरी फुकटचं खायचं नाही, असा तिचा नेम होता. नवरा हसायचा, मीही हसायची.

स्पष्टच सांगते, मी भावावर जळत होते. त्याच्या पगारावर नाही, पुण्याच्या फ्लॅटवरही नाही. वर्षातून एकदा यायचा तर हॉटेलातल्या इवल्याशा साबणाच्या वड्या आणायचा. आई त्या लुगड्यांच्या घडीत ठेवायची आणि कोणी आलं की हुंगायला द्यायची. मी आणलेल्या मोठ्या साबणानं पाय धुवायची. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते मी रोज बघत होते.

२००९ मध्ये आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नागपूरला ठरलं. दवाखान्यात दोनदा तपासायला जायचं होतं, म्हणून मुक्काम लागणार होता. नर्सांच्या ट्रेनिंगला मी नागपूरला कितीदा गेले होते, पण हॉलमध्ये ओळीनं घातलेल्या गाद्यांवर झोपून परत आले होते. भावानं पुण्याहूनच आमच्यासाठी त्याच्या त्या हॉटेलात खोली बुक केली. स्वतः आला नाही, मशीन बंद पडली होती म्हणे.

खोली खरंच चांगली होती, ते कबूल करते. भिंतीवरच्या खाचेत कार्ड घातलं की दिवे लागायचे, काढलं की सगळा अंधार. ते समजेपर्यंत आम्ही दोघी अर्धा तास काळोखात बसलो होतो. दुलई गादीखाली इतकी घट्ट खोचलेली होती, की आत शिरायचं असतं हे आम्हाला कळलं नाही. आम्ही वरच झोपलो, आणि एसी कमी कसा करायचा तेही माहीत नव्हतं. आई कुडकुडत म्हणाली, "पन मऊ कितीक आहे ना बाई!"

तीन दिवस मी दर दोन तासांनी तिच्या डोळ्यात थेंब घातले. निघायच्या सकाळी लवकर उठून दोन्ही पलंगांच्या चादरी काढून घड्या घातल्या, टॉवेल धुऊन पडद्याच्या दांडीवर वाळत टाकले, कप विसळले, न्हाणीघर घासलं. आमच्याकडे पाहुणा आपलं अंथरूण तसंच टाकून जात नाही. साफसफाईची बाई आली ती दारातच थबकली. "अवो ताई, आता मी काय करू?" भावाला हे कळलं तेव्हा तो फोनवर पोट धरून हसला. आमगावला परतल्यावर आईनं गल्लीभर सांगितलं, "बाबूनं डोऱ्याचा आपरेशन केला. हाटेलात ठेवला मले." माझी दहा दिवसांची रजा, ते थेंब, काही म्हणजे काही तिच्या तोंडी आलं नाही. मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

आणखी चार-पाच वर्षांनी त्याच हॉटेलवाल्या कंपनीनं गोंदियात, आमच्या जिल्ह्याच्या गावी, नवं हॉटेल उघडलं. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. घरोघर पाहुणे येतात, दाटीवाटीनं झोपतात, आणि मंडईचा पाहुणा बाहेर मुक्काम करत नाही. त्या वर्षी भावाचा फोन आला, की मुलांना संडास-बाथरूमची अडचण होते, तर आम्ही हॉटेलात उतरू, दिवसा तुझ्याकडे येऊ. वर म्हणाला, "आईलाही एक दिवस आमच्यासोबत तिथं ठेवतो. तिला आवडतं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांच्यासाठी नवीन गाद्या भरून घेतल्या होत्या.

मी ठरवलं, तो यायच्या आत आईला त्या हॉटेलात मी नेईन. माझ्या पैशानं, माझ्या नावावर. म्हणजे पुढच्या वेळी दारात उभी राहून ती "लेकीनं नेलं" म्हणेल. एवढंच मला हवं होतं. चाळिशी उलटलेल्या बाईला हे शोभत नाही, हे मलाही कळत होतं.

शनिवारी दुपारच्या गाडीनं आम्ही गोंदियाला गेलो. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. काउंटरवर कोट घातलेली एक बाई होती. मी आधार कार्ड दिलं. तिनं ते पाहिलं आणि परत केलं.

"मॅडम, लोकल आयडी अलाउड नहीं है."

"लोकल कहाँ? मैं आमगाँव की हूँ."

"गोंदिया जिला मतलब लोकल ही हुआ ना मॅडम. कंपनी का रूल है."

मी सरकारी नर्स असल्याचं सांगितलं, पैसे आधी भरते म्हटलं. अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत भांडले, की आमच्याच जिल्ह्यात आम्हालाच खोली मिळत नाही, ही कुठली रीत? ती बाई मान हलवून ऐकत राहिली. मागून सोफ्यावरून आई म्हणाली, "काऊन? काय म्हणून राहिली थे?"

"कार्ड चालत नाही म्हणते. गोंदिया जिल्ह्याचं आहे म्हणून."

"मंग माहा घे ना." आणि तिनं पोलक्यातून प्लॅस्टिकची पिशवी काढली.

तिचं कार्ड पुण्यात निघालं होतं, हे मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी ती भावाकडे वीस दिवस गेली होती तेव्हाचं. पण कार्ड कुठंही काढलं तरी माणूस राहतो तिथलाच पत्ता त्यावर लागतो, असा माझा समज. काउंटरवरच्या बाईनं ते उलटून पाहिलं. "ये चलेगा. माताजी पुणे की हैं."

मी कार्ड तिच्या हातातून घेतलं. आईच्या नावामागे भावाचा फ्लॅट नंबर होता, त्याच्या सोसायटीचं नाव होतं, पुणे होतं.

"आई, हा पत्ता कायले देला?"

"मंग कोनता देऊ?" तिला नवलच वाटलं. "सरकारी कागदावर लेकीच्या घरचा पत्ता लावतेत का? लोक काय म्हणतीन? तुह्या घरी त मी पाहुनी आहो, बाई."

रागानं बोलली असती तर मी भांडले असते. पण लहान मुलाला समजवावं तशी ती बोलली. चौदा वर्षं ती माझ्या घरात मुक्कामाला होती, दरसाल पोतंभर तांदूळ देऊन. मला तिथंच रडू आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी पर्समध्ये पैसे शोधत राहिले.

खोली आईच्या नावावर मिळाली. मला आत भेटायला जाता येईल, राहता येणार नाही, असं त्या बाईनं सांगितलं. "एकटी राहशील?" मी आईला विचारलं. परत जाऊ म्हणेल, अशी आशा होती.

"काऊन नाही? बाबू एकटाच राहते ना."

मग मी तिला वर नेलं. कार्ड खाचेत घातलं, दुलई सोडवून दिली, एसी कमी केला, काउंटरला फोन कसा लावायचा तो दोनदा दाखवला. खालच्या बाईला माझा नंबर देऊन ठेवला होता आणि तासातासानं विचारपूस करायला सांगितलं होतं. आई पलंगावर मांडी घालून बसली, चादरीवरून हात फिरवला आणि स्वतःचा मोबाईल काढून भावाला फोन लावला.

"बाबू, मी हाटेलात आहो. हव, आपल्या गोंदियाच्या. तुह्याच पत्त्यावर भेटली ना खोली. ताईच्या कार्डावर देतच नोहते."

तिकडून तो काहीतरी विचारत होता. आता तरी सांगेल, ताईनं आणलं म्हणून. मी तिच्या गोळ्यांचा डबा हातात धरून उभी राहिले.

"हव, आहे ना ताई," आई हसून म्हणाली, "भेटाले आली."